घाटावर दिलेला शब्द

काकांना कोणी मारलं हे आमच्या आवारात सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांना ठाऊक होतं, वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि नळावर तर दुसरा विषयच नव्हता. सगळे चुकत होते. खरं काय ते मला कळलं, तेही नदीच्या घाटावर, कावळ्याची वाट बघत उभी असताना. ते मी आवाराबाहेर आजवर दोनदा बोलले आहे, एकदा पोलीस चौकीत आणि एकदा कोर्टात. दोन्ही वेळा समोरच्यांना ‘मोठ्याने बोला’ असं सांगावं लागलं. कागदावर मोठ्याने बोलावं लागत नाही, म्हणून लिहिते.

आमचं आवार कसबा पेठेत आहे. बोळातून आत आलं की फरशीची मोकळी जागा, तिच्या तिन्ही बाजूंना एकेका खोलीत आम्ही भाडेकरू आणि रस्त्याच्या अंगाला काकांची भट्टी. काका जातीचे तांबट. आवाराचे मालकही तेच. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भट्टीत त्यांच्या जोडीला चाचा असायचे. काका तांब्याची भांडी घडवायचे आणि चाचा लोकांच्या पितळी भांड्यांना कल्हई लावायचे. दोघांनी सबंध आयुष्य एका छपराखाली काढलं, आणि त्यातला निम्मा वेळ भांडण्यात घालवला.

“तुझ्या कल्हईपेक्षा चुना फासलेला बरा,” काका म्हणायचे.

“आणि तुमच्या हंड्यापेक्षा प्लास्टिकची बादली बरी. निदान सरळ उभी राहते,” चाचा म्हणायचे. मग दोघं एकाच बशीतला चहा पिऊन परत ठोके घालायला बसायचे.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा कोणाशी बोलत नव्हते. अजूनही फारशी बोलत नाही. नळावर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या त्या चाचांच्या बायको, भाभी. माझी कळशी भरून दिली आणि म्हणाल्या, “बोलू नकोस, चालेल. पण नंबर सोडू नकोस, इथे कोणी परत देत नाही.” तेव्हापासून त्या माझ्या.

मी पोळ्या करते. आसपासच्या खोल्यांत राहणारी कॉलेजची मुलं, पेढ्यांवर काम करणारी माणसं, असे नेहमीचे घेणारे आहेत. माझ्या खोलीला तेव्हा खिडकी नव्हती. पिठी जळल्याचा धूर दारातून बाहेर जायचा आणि आवारात एक फेरी मारून परत माझ्याकडेच यायचा. काकांना दोन वेळचा डबा मीच द्यायचे.

वाद होता आवाराचा. आमच्या बोळातल्या पुढच्या दोन जागा पाडून तिथे उंच इमारती झाल्या होत्या. बिल्डरला आता आमची जागा हवी होती. भाडेकरूंना नवीन इमारतीत स्वतःचं घर मिळणार होतं, म्हणून आवारातले बहुतेक सगळे तयार होते. तयार नव्हते ते फक्त काका, आणि सही त्यांचीच लागत होती.

“वरच्या फ्लॅटवाल्यांना माझे ठोके चालतील का?” ते विचारायचे. “चार दिवसांत तक्रार करतील. मला गप्प बसवतील. आणि मी गप्प बसलो की मी संपलो.”

काकांचा एक पुतण्या आहे. सिंहगड रोडला राहतो, पांढऱ्या गाडीतून यायचा. काकांच्या मागे आवार त्याचंच होणार होतं. बिल्डरशी बोलणी तोच करायचा आणि रविवारी मिठाईचा पुडा घेऊन काकांच्या विनवण्या करायचा. माझ्या समोरच्या खोलीत एक काकू राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. त्यांची जीभ अजून रिटायर झालेली नाही. तो गेला की त्या दारातून म्हणायच्या, “काय हो माया! पण चौरस फुटांत मोजून घ्यावी.”

नवीन घराची सगळ्यांत जास्त घाई चाचांना होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. भाभींचे गुडघे गेले होते. आवाराचे संडास टोकाला, पाच-सहा उंच दगडी पायऱ्या चढून. भाभी एक हात भिंतीला आणि एक हात गुडघ्यावर ठेवून चढायच्या. पावसाळ्यात दोनदा घसरल्या होत्या.

ज्या दिवशी काका गेले त्या दिवशी दुपारी त्याच कारणावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. नेहमीचं नव्हे. भाभी पुन्हा घसरल्या होत्या आणि चाचा त्यांना उचलून खोलीत ठेवून थेट भट्टीत गेले होते.

“तुम्ही आहात तोवर इथली वीट हलायची नाही!” चाचा ओरडले. “तुम्ही मेलात तरच आमचं भलं व्हायचं!”

“मग बस वाट बघत!” काका म्हणाले.

हे सगळ्या आवाराने ऐकलं. पुढे सगळ्या आवाराने ते पोलिसांना सांगितलं.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाचा भंडारा होता. सगळे मांडवात जेवायला निघाले होते. काकांना भंडाऱ्याचं तेलकट सोसत नसे, म्हणून मी आधी त्यांचा डबा घेऊन गेले. बाजरीची भाकरी आणि आमसुलाची आमटी. भट्टी विझवून ते ऐरणीजवळ बसले होते.

“ठेव तिथे. बस जरा.”

मी काकांसमोर कधी बसले नव्हते. दाराला टेकून उभी राहिले.

“सही करतो मी,” ते म्हणाले. “चाचा बोलला ते खरंच आहे. उद्या ती पायऱ्यांवरून पडली तर मी काय तांब्याचे गुडघे घडवून देणार आहे का? पण माझी एक अट. रस्त्याकडचे गाळे शोरूमला द्यायचे नाहीत. एका गाळ्यात भट्टी, चाचाच्या नावाने. वरच्यांना आवाज सोसला तर सोसला. आणि शेजारचा गाळा तुला. पोळ्यांचा. पूर्वेच्या भिंतीला खिडकी ठेवायला लावतो, म्हणजे धूर तोंडावर यायचा नाही तुझ्या.”

मी “बरं” म्हटलं.

“बरं काय? दोन शब्द जास्त बोललीस तर कर बसतो का?” ते हसले. “कोणाला सांगू नकोस अजून. उद्या पुतण्याला बोलावतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. माझा मोबाईल दुरुस्तीला पडलाय. नवऱ्याला म्हणावं, उद्या येताना आण.”

माझा नवरा मंडईत कांदे-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला आहे. मोबाईल त्यानेच तिथल्या ओळखीच्या दुकानात टाकला होता. मी मांडवात जाऊन जेवले, नवऱ्याला मोबाईलचा निरोप दिला. गाळ्याचं काही बोलले नाही. मनातल्या मनात मात्र खिडकीत तवा मांडून पाहिला.

सकाळी भट्टी उघडायला चाचा गेले आणि त्यांची हाक ऐकून आम्ही धावलो. काका ऐरणीपाशी पडले होते. डोक्याला मागून मार होता. चाचा मध्येच उभे होते आणि त्यांच्या हातात त्यांचाच चिमटा होता, तापलेलं भांडं धरायचा लांब लोखंडी. तो रक्ताने भरलेला होता.

चाचांनी तो हातात का घेतला हे मला विचारायची गरज नव्हती. हत्यार जमिनीवर पडलेलं त्यांना बघवत नसे. वर्षानुवर्षं भट्टीत पाऊल टाकलं की पहिलं काम, पडलेलं उचलून खिळ्याला अडकवायचं. त्या सकाळी काकांकडे नजर जायच्या आधी हात चिमट्याकडे गेला होता. पण पोलिसांनी पाहिलं ते वेगळं. दुपारचं भांडण, ‘मेलात तरच भलं’ हे शब्द, हातातला चिमटा. आणि संध्याकाळी सगळं आवार मांडवात असताना चाचा तेवढे घरी होते, भाभींचे गुडघे शेकत. साक्षीला फक्त बायको. काका सही करणार होते हे मला ठाऊक होतं, पण चाचांना नव्हतं, मग ते सांगून त्यांची सुटका कशी होणार? त्याच दिवशी त्यांना घेऊन गेले.

पुतण्या दुपारपर्यंत पोहोचला. सासुरवाडीला गेलो होतो, म्हणाला, बारामतीला. “मी पुण्यात असतो तर हे झालं नसतं,” असं म्हणून तो भट्टीच्या दारात रडला. पंधरवड्यात काकांची भेट नव्हती, फोन लावला तर बंद, हे त्याने येईल त्याला सांगितलं.

त्या दिवसांत भाभींच्या दाराशी कोणी थांबत नव्हतं. नळावर त्या आल्या की बोलणं बंद व्हायचं. एक शेजारीण मला म्हणाली, “तू कशाला पोळ्या नेऊन देतेस तिला? लोक बघतात.” मी रोज नेऊन देत होते. लोक बघत होते तर बघू देत.

भाभी रडत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, “तू तर त्यांना ओळखतेस. माझ्या हातून ग्लास फुटला तरी काच स्वतः वेचतात. कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून. त्यांना आता तिथे झोप लागत असेल का गं?”

चाचा परत आले नाहीत तर या पायऱ्या या बाई कोणाचा हात धरून चढणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काकांच्या दहाव्याला आम्ही आवारातले बरेच जण ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. बायकाही गेलो. पिंडांजवळ पानावर काकांच्या आवडीचं ठेवायचं होतं आणि ते मीच करून आणलं होतं, बाजरीची भाकरी, आमसुलाची आमटी आणि कारल्याची भाजी. पुतण्याने डोकं तुळतुळीत केलं होतं. विधी झाले, पिंड मांडले, पान ठेवलं आणि आम्ही सगळे मागे सरकून हात जोडून उभे राहिलो. कावळे समोरच्या झाडावर भरपूर होते. एकही खाली येईना.

गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, असं आमच्यात मानतात. मग जवळच्यांनी शब्द द्यायचा, अमुक करतो, तमुक करतो. मनातलं ओळखलं गेलं की तो येतो.

“आवार मोडणार नाही म्हण,” काकू पुतण्याला म्हणाल्या. काकांची शेवटची इच्छा तीच असणार, अशी सगळ्यांचीच समजूत होती.

“काका, आवार मोडणार नाही,” पुतण्या म्हणाला. कावळे हलले नाहीत.

कोणीतरी म्हणालं चहा ठेवा, काकांना लागायचा. टपरीवरून चहा आणून ठेवला. एक कावळा भिंतीवर येऊन बसला, चहाकडे बघून मान फिरवली.

“साखर कमी पडली,” काकू पुटपुटल्या.

आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, “खुन्याला शिक्षा होईल असं सांगा.” पुतण्याने तेही सांगितलं. भिंतीवरचा कावळा उडून परत झाडावर गेला.

उन्हं चढली. मागे दुसऱ्यांचे पिंड मांडायचे खोळंबले होते. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, “अहो, हल्ली कावळ्यांनाही सकाळपासून सतरा ठिकाणी जायचं असतं. दर्भाचा कावळा करून शिवतो, शास्त्रात आहे. चालेल ना?”

“चालेल,” दोघं-तिघं म्हणाले.

“नाही!” पुतण्या म्हणाला. इतक्या जोरात की शेजारचे लोक वळून बघायला लागले. “दर्भाचा नको. खरा शिवला पाहिजे.”

त्याच्या डोक्यावर घामाचे थेंब आले होते. मी पान सारखं करायला पुढे झाले होते, म्हणून मला ते जवळून दिसलं. बाकीच्यांना वाटलं काय ही काकांवरची माया. तो पिंडांसमोर गुडघ्यांवर बसला, डोळे घट्ट मिटले आणि खालच्या आवाजात, पण स्पष्ट बोलला.

“काका, रस्त्याकडचा गाळा हिला देतो. पोळ्यांचा. पूर्वेला खिडकी ठेवून देतो. तुमच्या मनासारखं करतो, पण आता या.”

कावळा आला. एक आला, मागून तीन आले, भाकरीची झोंबाझोंबी सुरू झाली. कावळ्याला काय कळलं मला माहीत नाही. मागच्या लोकांनी गर्दी केली होती ती तेवढ्यात पांगली होती, हेही खरं आहे. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. बायका माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, “बाई, नशीब काढलंस! काकांचा जीव तुझ्या पोळ्यांत होता बघ.” पुतण्या डोळे पुसत उठला. आणि मी हातातली वाटी पाडली.

पूर्वेची खिडकी. ती फक्त काकांच्या आणि माझ्यामध्ये होती. त्या संध्याकाळी जन्माला आली होती. आणि हा माणूस बारामतीला होता.

घाटावरून घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

“गप्प बस,” तो म्हणाला. “एवढ्या माणसांसमोर त्याने गाळा दिलाय. तू बोललीस की गेला.”

“जाऊ दे.”

“आणि शेवटचं काकांना कोण भेटलं? तूच ना? उद्या म्हणतील, हिनेच.” तो घाबरला होता. माझ्यासाठीच घाबरला होता, ते मला दिसत होतं.

“मग मी सांगेन की मी नाही,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढं सलग मी त्याच्याशीही क्वचित बोलते.

मी काकूंकडे गेले. “काकू, घाटावर तो शेवटी काय म्हणाला, ऐकलंत?”

“कान आहेत अजून मला. पोळ्यांचा गाळा, पूर्वेची खिडकी. का? कमी पडतंय?”

मी त्यांना ती संध्याकाळ सांगितली. सही, अट, गाळे, खिडकी, मोबाईल. काकू पहिल्यांदाच काही न बोलता ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“चाचाच्या भट्टीचं तो काही बोलला नाही,” त्या म्हणाल्या.

“बोलणार कसा? ज्याला खुनी ठरवला त्यालाच गाळा?”

“चप्पल घाल,” काकू म्हणाल्या.

चौकीतल्या मॅडम वयाने माझ्या बरोबरीच्या असतील. त्यांनी खुर्ची दिली. मी बोलायला लागले आणि त्यांनी हवालदाराला पंखा बंद करायला सांगितला, कारण पंख्याखाली माझा आवाज ऐकूच जात नव्हता. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, “म्हणजे कावळ्याने खुनी दाखवला असं मी वर लिहून पाठवू?”

“कावळ्याने नाही. तो स्वतःच बोलला.”

“तुम्ही कोणाला सांगितलं असेल खिडकीचं. नवऱ्याला?”

“नाही.”

“एवढी मोठी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही? का?”

“काका सगळ्यांसमोर सांगणार होते. आणि झालं नसतं तर मला एकटीला वाईट वाटलं असतं. दोघांना कशाला?”

“मग काकांनी सांगितलं असेल त्याला. फोनवर.”

“फोन दुरुस्तीला होता. अजून दुकानातच आहे. आणि तो स्वतः म्हणतो की पंधरवड्यात भेट नाही.” थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. “त्याला फक्त एवढं विचारा, की खिडकीचं तुला कोणी सांगितलं. सांगणारं कोणी असेल तर ते माणूस पुढे येईल. चाचा मात्र विनाकारण आत आहेत. त्यांच्या बायकोला पायऱ्या चढवत नाहीत.”

हे शेवटचं मी का बोलले कोण जाणे. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

त्यांनी पुतण्याला बोलावून तेच विचारलं. तो काय म्हणाला ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण मॅडम स्वतः आवारात आल्या. तो म्हणाला होता की मीच त्याला सांगितलं. काका गेल्यावर, भेटायला आला तेव्हा, मी त्याला बाजूला घेऊन गाळा मागितला.

मॅडमनी हे नळावर, सगळ्यांसमोर विचारलं. “या बाईंना त्याच्याशी बोलताना कोणी पाहिलं?”

आवार हसलं. काकांच्या मरणानंतर पहिल्यांदा हसलं.

“ही?” ती शेजारीण म्हणाली, जिला माझं पोळ्या नेऊन देणं खटकत होतं. “ही बाजूला घेऊन बोलली? अहो, दूधवाल्याने पाणी घातलं तरी ही माझ्याकडून निरोप देते!”

“पोळ्यांचे पैसे मागायला नवऱ्याला पाठवते,” दुसरं कोणी म्हणालं.

“मॅडम,” काकू म्हणाल्या, “माझ्यासमोर राहते ती. माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलायला तिला दोन दिवाळ्या लागल्या. आणि मी काय कमी बोलते? या पुतण्याला बघून तर ती परातीमागे लपायची. तिने त्याच्याकडे गाळा मागितला असेल तर मी उद्या भरतनाट्यम करून दाखवते.”

मी मान खाली घालून उभी होते. जन्मभर ज्या गोष्टीवरून ही माणसं मला टोमणे मारत आली, त्याच गोष्टीची आज सगळे मिळून शपथ घेत होते. मला लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं.

मग बाकीचं भराभर बाहेर आलं. सासुरवाडीच्या माणसांना वेगवेगळं विचारल्यावर ती अडखळली. तो त्या दुपारीच तिथून निघाला होता. मंडईजवळ गाडी लावून तो चालत आमच्या बोळात आला होता, एका दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसला. मंडळाचा भंडारा आहे, आवार रिकामं असेल, काकांना एकटं गाठून सही घेता येईल, असा त्याचा विचार होता. काकांनी सही करायचं कबूल केलं आणि त्यांची अट सांगितली. रस्त्याकडचे गाळे शोरूमला द्यायचा शब्द त्याने बिल्डरला आधीच देऊन ठेवला होता. त्यावरून शब्दाला शब्द लागला, काका पाठ फिरवून डबा उघडायला वळले, आणि त्याच्या हाताला चिमटा लागला. हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं असं मॅडमनी सांगितलं. डबा न उघडलेला होता, ते मी सकाळीच पाहिलं होतं.

त्याला दर्भाचा कावळा चालला असता तर तो सुटला असता, असं काकू अजून म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्याने मारलं त्यालाच पिंड द्यावे लागले. झाडावरचे कावळे आपल्याकडे बघतायत असं त्याला वाटलं असणार. आमच्यात वाढलेल्या माणसाला ते सोसत नाही, मग तो फ्लॅटमध्ये राहो की बंगल्यात.

चाचा सुटून आले त्या दिवशी संध्याकाळी आवारात शुकशुकाट होता. सगळे आपापल्या दाराआड. ज्यांनी ‘मेलात तरच भलं’ हे शब्द पोलिसांना पाठ म्हणून दाखवले होते, त्यांना बाहेर येववेना. चाचा बोळातून आले, भट्टीसमोर थांबले, आत गेले नाहीत. भाभी दारात भिंतीला धरून उभ्या होत्या.

“वाळलात,” भाभी म्हणाल्या.

“तिथली आमटी पातळ होती,” चाचा म्हणाले. आणि मग ते दोघं आत गेले आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर चाचा माझ्या दारात. त्यांनी कोपऱ्यातलं माझं पितळी पातेलं उचललं, ज्यात मी काकांची आमटी करायचे. कल्हई उडाली होती त्याची. भट्टी पेटल्याचा वास आला, मग नवसागराचा पांढरा धूर. आवारातली दारं एकेक करून उघडली. चाचा फडक्याने पातेलं आतून पुसत होते आणि कथील चांदीसारखं पसरत होतं. घेऊन आले तेव्हा ते अजून गरम होतं.

“कशी झाली?” त्यांनी विचारलं. हे ते नेहमी काकांना विचारायचे.

उत्तर काय द्यायचं ते मला ठाऊक होतं. रोज ऐकलेलं होतं. “याच्यापेक्षा चुना फासलेला बरा,” मी म्हटलं.

चाचांनी भिंतीला हात टेकला आणि तोंड फिरवलं. जरा वेळाने म्हणाले, “संध्याकाळी आमटी पाठव. आमसुलाची.”

आता आवाराचा मालक कोण, हे कोर्टात ठरायचं आहे. बिल्डरची माणसं येईनाशी झाली. नवीन इमारत होईल तेव्हा होईल. गाळा मला मिळाला नाही आणि मिळेल अशी आशाही नाही. संडासाच्या पायऱ्यांना मात्र आवारातल्या पुरुषांनी लोखंडी कठडा बसवून दिला. कोणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी मिळून बसवला, आणि चाचा शेजारी उभे राहून त्यातल्या चुका काढत होते.

आणि मी गवंडी बोलावून माझ्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. नवरा म्हणाला, परवानगी? काकू आपल्या दारातून ओरडल्या, “अगं, मालकाचा पत्ता नाही आणि भिंत कसली फोडतेस? कोणाला विचारलंस?”

“काकांना,” मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं. मोठ्यानेच म्हटलं होतं.

सकाळी तव्यावर ऊन येतं. धूर थेट बाहेर जातो.